बारा काळांचा तक्ता कुठून आला?

आपल्या स्मरणिकेत सहली, गॅदरिंग, कबड्डीचे सामने, सरांची छडी आणि मधल्या सुट्टीतल्या चिंचाबोरांवर भरपूर लिहून येणार, हे ग्रुपवरच्या गप्पांवरून दिसतंच आहे. म्हणून मी वेगळा विषय घेतला. इंग्रजीच्या तासाला फळ्यावर जो तक्ता काढला जायचा, त्याचा इतिहास. हसू नका. त्या तक्त्यानं आपल्यापैकी काहींना इंजिनिअर केलं आणि काहींची शाळा थांबवली. इतकं वजन असलेल्या वस्तूचं मूळ कुठलं, हे एकदा बघायला हवं.

तक्ता सगळ्यांना आठवत असेल. वर तीन रकाने : वर्तमान, भूत, भविष्य. डावीकडे चार ओळी : साधा, अपूर्ण, पूर्ण आणि एक चौथी. तीन चोक बारा. प्रत्येक घरात कर्ता, मग सहायक क्रियापद, मग मूळ क्रियापदाचं रूप. शेजारी व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री यांची लांबलचक यादी, जी पाढ्यांसारखी सुरात म्हणायची : गो वेन्ट गॉन, कम केम कम, ईट एट ईटन.

आपण पाचवीत गेलो ते १९९०-९१चं वर्ष. मराठी माध्यमाला तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २०००मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. म्हणजे एबीसीडी गिरवण्यापासून दहावीच्या पेपरापर्यंत आपल्या हातात सहा वर्षं होती आणि या सहा वर्षांत इंग्रजी कानावर पडण्याची सोय जवळजवळ नव्हती. गावात इंग्रजी बोलणारी माणसं म्हणजे सरोवर बघायला येणारे परदेशी पर्यटक आणि संशोधक. त्यांच्या मागे धावत जाऊन ‘व्हॉट इज युवर नेम’ विचारायचं आणि उत्तर कळायच्या आत पळून यायचं, इतकाच आपला त्यांच्याशी संवाद. जी भाषा ऐकायलाच मिळत नाही ती शिकायची, तर नियमांशिवाय दुसरा आधार काय? तो आधार म्हणजे हा तक्ता.

हा तक्ता इंग्रजांनी बनवला आणि आपण तो जसाच्या तसा उतरवून घेतला, असा सर्वसाधारण समज आहे. खरी गोष्ट बरीच नागमोडी आहे.

सुरुवात करावी लागते लिंडले मरे या गृहस्थांपासून. जन्म १७४५चा, अमेरिकेतला. न्यूयॉर्कमध्ये वकिली केली, पैसा मिळवला, मग तब्येत ढासळली म्हणून इंग्लंडमध्ये यॉर्क शहराजवळ येऊन राहिले. क्वेकर पंथाचे. त्या भागात त्यांच्या पंथाची मुलींची एक शाळा होती. तिथल्या शिक्षिकांना इंग्रजी व्याकरण शिकवायला धड पुस्तक नव्हतं, म्हणून मरेंनी ते लिहून दिलं. साल १७९५. पुढची पन्नासेक वर्षं इंग्लंड-अमेरिकेत त्याच्या लाखो प्रती खपल्या. ‘इंग्रजी मुलींचं काम नाही’ असं आपल्या वर्गातले जे वीर मागच्या बाकावरून म्हणायचे, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं : आपल्या सगळ्या व्याकरणाचा हा पूर्वज मुलींच्या शाळेसाठी लिहिला गेला होता.

मरेंच्या पुस्तकात काळ बारा नाहीत, सहा आहेत. ते सहा त्यांनी लॅटिनच्या वळणावर बसवले होते. आपण ज्याला साधा भूतकाळ म्हणतो, त्याला ते ‘इम्परफेक्ट’ म्हणत. शब्दशः अर्थ घेतला तर ‘अपूर्ण’. आपल्या तक्त्यातला ‘अपूर्ण’ म्हणजे आयएनजीवाला. शब्द एकच, पण घर वेगळं. नावं आणि घरं यांची अशी अदलाबदल या इतिहासात पुढेही होत राहते.

आता मुंबईला येऊ. १८३२च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीशेजारी छापलेला असे. एका डोळ्यानं इकडे, एका डोळ्यानं तिकडे बघत भाषा शिकण्याची सवय मराठी माणसाला तेव्हापासूनची म्हणायला हरकत नाही. त्याच सुमारास, म्हणजे १८३१ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही छापून झाला होता. शब्द मिळाले, मजकूर मिळाला, पण खुद्द मराठीचं व्याकरण मराठी मुलाला मराठीत शिकवणारं पुस्तक हवं होतं. विल्यम केरीनं १८०५मध्ये सेरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं होतं, पण ते इंग्रजीत आणि गोऱ्या साहेबांसाठी.

ते काम केलं दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी. १८३६ साली त्यांचं मराठी व्याकरण प्रसिद्ध झालं. वय अवघं बावीस. दादोबांना संस्कृतची जाण होती, पण पुस्तकाचा साचा घेताना त्यांच्यासमोर नमुना होता तो मरेंच्या इंग्रजी व्याकरणाचा. शब्दांच्या जाती, वाक्याचं पृथक्करण, काळ आणि अर्थ यांची मांडणी, यात तो साचा दिसतो. १८५०मध्ये त्यांनी सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली आणि पुढच्या कित्येक पिढ्या मराठी शाळांतून याच पुस्तकावर वाढल्या.

इथं घटकाभर थांबावं असं मला वाटतं. मराठीच्या क्रियापदांना काळांच्या पेट्यांत भरलं ते इंग्रजी व्याकरणाच्या पेट्या बघून. आणि दीडशे वर्षांनी आपल्याला इंग्रजीचे काळ शिकवताना सर म्हणायचे, ‘मराठीत पूर्ण वर्तमानकाळ असतो की नाही? तसाच इंग्रजीत.’ म्हणजे वस्तू इंग्रजांकडून उसनी आणली, तिच्यावर मराठी नाव घातलं आणि तीच मापट्यासारखी वापरून पुन्हा इंग्रजी मोजलं! आमच्या धंद्यात एका प्रणालीचा आराखडा उचलून दुसरीवर बसवतात आणि मग दोन्ही आपोआप जुळतील अशी आशा धरतात. थोडंफार जुळतं. जिथं जुळत नाही तिथं रात्रीबेरात्री फोन वाजतात.

न जुळणाऱ्या जागा मराठी अभ्यासकांना फार लवकर दिसल्या होत्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी शालापत्रकातून मराठी व्याकरणावर लेख लिहिले आणि दादोबांच्या मांडणीची कसून चिकित्सा केली. त्यानंतरचं मोठं नाव मोरो केशव दामले, कवी केशवसुतांचे धाकटे भाऊ. त्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चं. जाडजूड ग्रंथ आहे, झोपून वाचता येत नाही. पण त्यातली एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून विलक्षण आवडते. क्रियापदाच्या रूपांना तिथं नावं आहेत ती शेवटच्या अक्षरावरून : ‘करतो’ ते ताख्यात, ‘केला’ ते लाख्यात, ‘करील’ ते ईलाख्यात, ‘करावा’ ते वाख्यात. म्हणजे रूपाचं नाव वेगळं ठेवायचं आणि ते रूप कोणकोणत्या काळासाठी वापरलं जातं ते वेगळं सांगायचं.

हे का करावं लागलं, ते आपल्या रोजच्या बोलण्यात बघा. आई हाक मारते आणि आपण जागचं न हलता ओरडतो, ‘आलोच!’ रूप भूतकाळाचं, येणं अजून व्हायचंय. निघताना उंबऱ्यावर म्हणतो, ‘निघाले गं.’ पाय अजून घरात. कुणाच्या घरून जाताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि तेही वर्तमानकाळात. ‘उद्या मी बुलढाण्याला जाते’ यात काळ वर्तमान, जाणं उद्याचं. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ ही म्हण लाख्यातात आहे, पण ती कालची हकिगत नाही, कायमची आहे. मराठीत रूप आणि वेळ यांची अशी ढिली गाठ आहे. ‘आलोच’चं भाषांतर एखाद्या पोरानं ‘आय केम’ असं केलं, तर त्यानं नियम मोडलेला नसतो, उलट पाळलेला असतो.

रूपं काळानुसार घरंही बदलतात. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या लोणारमधल्या मुक्कामाचा उल्लेख आहे, हे आपल्याला शाळेत कौतुकानं सांगितलं जायचं. त्या १३व्या शतकातल्या मराठीत ‘करी’, ‘जाये’ अशी रूपं आत्ता घडणाऱ्या गोष्टीसाठी येत. आज ‘तो रोज देवळात जाई’ म्हटलं की आपल्याला जुनी सवय कळते, जी आता उरलेली नाही. वर्तमानकाळ सरकत सरकत भूतकाळात जाऊन बसला. दैत्यसूदनाच्या देवळात शेंदूर-धुळीचे थर बसावेत आणि मूळ कोरीव काम वेगळंच दिसावं, तसं काहीसं.

परत तक्त्याकडे. सहाचे बारा कधी झाले? आपल्या मास्तरांच्या पिढीपर्यंत ते ज्या पुस्तकानं पोचवले ते रेन आणि मार्टिन यांचं, १९३०च्या दशकातलं. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, कराचीत हेडमास्तर होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये त्यांना कोणी व्याकरणकार म्हणून ओळखत नाही. तिथं ते ‘बो जेस्ट’ या १९२४च्या साहसी कादंबरीचे लेखक, ज्यात वाळवंट, फ्रेंच पलटण आणि चोरीला गेलेलं रत्न आहे. भारतात मात्र त्यांचं नाव घेतलं की अजून कित्येकांच्या पोटात गोळा येतो. त्यांच्या पुस्तकात साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण असे चार प्रकार तिन्ही काळांत फिरवलेले आहेत. हा आपला तक्ता.

मराठी घरांत मात्र या पुस्तकाच्याही आधी दुसऱ्या पुस्तकाचा मान होता. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आपल्या आजोबांच्या पिढीत जो कोणी चार ओळी इंग्रजी लिहू शकत होता, त्यानं बहुधा पाठमालेतून हात घडवला होता. पद्धत साधी : आधी थोडे शब्द, मग एक नियम, मग मराठी वाक्यं आणि त्यांचं इंग्रजी करा. वाक्यं अगदी कोरडी आणि कशाचा कशाशी संबंध नसलेली. पण धडा संपेपर्यंत एक नियम हातात बसलेला असायचा. आज या पद्धतीची टिंगल करायची पद्धत आहे. मला ती टिंगल पटत नाही. आपल्या भागात शाळेपाशी राज्यं येत-जात होती. वऱ्हाड १८५३ला निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, १९०३ला मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९५६ला मुंबई राज्यात आणि १९६०ला महाराष्ट्रात. इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवायचं हे दर वेळी वेगळ्या राजधानीत ठरत होतं. मुंबई राज्यात खेरांच्या मंत्रिमंडळाच्या वेळी ते आठवीवर ढकललं गेलं, तेव्हा आपण त्या राज्यात नव्हतोही. बालभारती १९६७ची. या सगळ्या उलथापालथीत खेड्यापाड्यातल्या मास्तराच्या हातात जे एक टिकून राहिलं, ते म्हणजे मराठी वाक्य, इंग्रजी वाक्य आणि मधला नियम.

आता त्या चौथ्या ओळीबद्दल. हा लेख लिहायला घेतला तो खरं तर तिच्यासाठी.

मराठीच्या तासाला आपण जे काळ शिकलो, त्यातही तीन काळ आणि प्रत्येकी चार प्रकार : साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. इंग्रजीच्या तासालाही तीन काळ आणि चार प्रकार : साधा, अपूर्ण, पूर्ण आणि चालू-पूर्ण. दोन्हीकडे बारा. पहिल्या तीन ओळी बऱ्यापैकी जुळतात. मग पोरगं चौथीही जुळवणारच ना? मराठीतला रीती वर्तमानकाळ म्हणजे ‘मी रोज तळ्यावर जात असते’. इंग्रजीतली चौथी ओळ म्हणजे ‘आय हॅव बीन गोइंग’. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. ‘जात असते’ ही सवय आहे आणि सवयीला इंग्रजीत पहिली ओळ लागते, साधी ‘आय गो’. ‘हॅव बीन गोइंग’ म्हणजे पूर्वी कधीतरी सुरू झालेलं आणि अजून न थांबलेलं. त्याला मराठीत स्वतंत्र ओळच नाही. ‘मी लोणारला दहा वर्षांपासून राहते’, एवढं म्हटलं की झालं. ‘पासून’ सगळं काम करतो, क्रियापद साध्या वर्तमानकाळात निवांत बसतं.

देशभरातले लोक ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ असं जे इंग्रजी बोलतात, त्याचं उगमस्थान हेच. आपल्या भाषांत ‘पासून’ असताना क्रियापदाला मागे वळून बघायची गरज नसते. इंग्रजीत असते. शिवाय एक वेगळा फाटा : ‘पासून’ एकच, पण इंग्रजीत नक्की वेळ सांगितली तर ‘सिन्स’ आणि किती वेळ ते सांगितलं तर ‘फॉर’.

नववी-दहावीला आपल्याला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांनी या ओळीपुढे खडूनं मोठी फुली मारली होती. त्यांचे शब्द मला अजून आठवतात : ‘ही ओळ मराठीशी जुळत नाही. इथं मराठी सोडा आणि घड्याळ बघा. कधी सुरू झालं? थांबलं का?’ या दोन प्रश्नांवर अख्खी ओळ सुटायची. चिपळूणकर-दामल्यांनी ज्या फटीवर बोट ठेवलं होतं, त्याच फटीवर सर खडूनं फुली मारत होते.

दुसरी ओळ त्यांनी आणखी सोपी केली होती. ‘अपूर्ण वर्तमानकाळ’ हा शब्द ऐकून ज्यांचे चेहरे कोरे राहायचे, त्यांना ते वऱ्हाडीत विचारायचे, ‘काय करून राह्यला बे?’ वर्ग हसायचा. मग म्हणायचे, ‘जिथं तुम्ही करून राह्यला म्हणता, तिथं आयएनजी.’ पुस्तकी मराठीतल्या ‘करत आहे’पेक्षा आपलं ‘करून राह्यला’ जास्त नेमकं आहे, कारण त्यात काम चालू असल्याशिवाय दुसरा अर्थच निघत नाही. ‘जेवून राह्यला’ म्हणजे ताटावर बसलाय. घरी ज्या बोलीला ‘गावंढळ’ म्हणून दटावलं जायचं, तीच इंग्रजीच्या दारातली पायरी निघाली. वऱ्हाडीत बोलला म्हणून छडी देणारे मास्तरही त्या काळी होते, त्यामुळे सरांचं हे वागणं मला आज तेव्हापेक्षा मोठं वाटतं.

तिसऱ्या ओळीत, पूर्ण वर्तमानकाळात, लोणारचंच उदाहरण देते, म्हणजे नव्या पिढीलाही पटेल. २०२०च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. त्या आठवड्यात बातमी द्यायची तर ‘द लेक हॅज टर्न्ड पिंक’. झालंय आणि आत्ता जाऊन बघता येतंय. आज तेच सांगायचं तर ‘द लेक टर्न्ड पिंक इन जून ट्वेंटी-ट्वेंटी’. वेळ सांगितली की ‘हॅज’ गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवर रामसर यादीत आलं. तिथंही तसंच : यादीत आहे म्हणायचं तर ‘हॅज बीन’ शोभतं, तारीख टाकली की ‘वॉज’. पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे मागचं सांगताना आत्ताकडे बघणं, हे मरेंनीही आपल्या पुस्तकात सांगून ठेवलं होतं. मराठीत मात्र ‘मी काल औषध घेतलं आहे’ हे वाक्य कुणाला खटकत नाही. म्हणून ‘आय हॅव टेकन मेडिसिन येस्टरडे’ हे इंग्रजी मराठी कानालाही खटकत नाही. पोराच्या डोक्यात बिघाड नसतो. दोन भाषांची ‘काल’कडे बघायची नजर वेगळी असते, इतकंच.

‘आय डिड नॉट वेन्ट’चंही तसंच. ‘मी गेलो नाही’ यात भूतकाळ ‘गेलो’वर आहे आणि ‘नाही’ मोकळा. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’ घेऊन जातो आणि क्रियापद पुन्हा ‘गो’ होतं. सर म्हणायचे, ‘भूतकाळाचं पोतं एकानंच उचलायचं. दोघांनी उचललं तर फाटतं.’ पण इंग्रजीतही हे पोतं कायम ‘डिड’च्या पाठीवर नव्हतं. शेक्सपिअरच्या काळात ‘आय नो नॉट’ असं सर्रास बोलत, थेट आपल्या ‘जाणत नाही’सारखं. ‘डू’ आणि ‘डिड’ची ही व्यवस्था पुढे पक्की झाली. म्हणजे लोणारचं पोरगं चुकत होतं, पण चारशे वर्षांपूर्वी त्याची शब्दांची रांग लंडनमध्ये खपली असती.

आणि ‘गो वेन्ट गॉन’? ‘गो’चं ‘वेन्ट’ कसं होतं, असं विचारल्यावर वर्गात उत्तर मिळायचं, ‘होतं, पाठ कर.’ उत्तर आहे. ‘वेन्ट’ हे ‘वेन्ड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप. ‘गो’नं आपला भूतकाळ तिथून उसना घेतला. आणि आपलं? ‘जा’ आलं संस्कृतच्या ‘या’ धातूवरून, ‘गेला’ आलं ‘गम्’ धातूच्या ‘गत’वरून. जाण्याच्या क्रियापदाला भूतकाळात जाताना दुसऱ्याचे जोडे लागतात, हे दोन्ही भाषांत सारखंच! हे पाचवीत कुणी सांगितलं असतं तर ती यादी म्हणताना निदान मजा आली असती.

व्याकरणाचे पंडित आता म्हणतात की इंग्रजीत खरे काळ दोनच, वर्तमान आणि भूत. क्रियापदाचं रूप तेवढ्यांसाठीच बदलतं. ‘विल’ हा नुसता सहायक, भविष्यकाळाचं वेगळं रूप इंग्रजीत नाही. म्हणजे मराठीच्या ‘करील’समोर इंग्रजी त्या बाबतीत गरीबच. बारा काळांचा तक्ता ही निसर्गात सापडलेली वस्तू नाही, वर्गात शिकवायला सोयीची म्हणून माणसांनी बनवलेली चौकट आहे. चौकट म्हणून चांगली आहे. मी रोज जे काम करते त्यात बारा घरांची सारणी कुणी समोर ठेवली की बरं वाटतं, कारण रिकामं घर लगेच दिसतं.

कामाचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्याकडे प्रोग्राममध्ये बदल केला की एका ओळीत नोंद लिहायची असते आणि ती आज्ञार्थात लिहायचा संकेत आहे. ‘फिक्स्ड’ नाही, ‘फिक्स’. नवी मुलं यावर वाद घालतात : काम झालंय तर भूतकाळ का नको? आणि बिघाडाचा निरोप पाठवताना ‘सर्व्हर वॉज डाऊन सिन्स मॉर्निंग’ असं कुणी लिहिलं, तर समुद्रापलीकडच्या माणसाला कळत नाही की तो सुरू झालाय की अजून बंद आहे. ‘हॅज बीन डाऊन’ म्हणजे अजून बंद, उठा. ‘वॉज डाऊन फॉर टू अवर्स’ म्हणजे झालं ते झालं, झोपा. सरांचे दोनच प्रश्न : कधी सुरू झालं? थांबलं का?

पण तक्त्याची दुसरी बाजूही लिहायला हवी. दहावीला आपल्या बरोबरच्या काही जणी फक्त इंग्रजीत राहिल्या. बाकीचे सगळे विषय सुटलेले. ऑक्टोबरला परत बसायचं ठरलं होतं, पण त्यातल्या दोघींची लग्नं त्याच उन्हाळ्यात लागली. त्या मुली अडाणी नव्हत्या. एकीचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं. तिला तक्ता पाठ होता, बाराच्या बारा घरं. तिला चौथ्या ओळीची फुली कुणी दाखवली नव्हती, कारण ती दुसऱ्या तुकडीत होती आणि तिथं तक्ता पाठ करून घेण्यावरच वर्ष संपलं. तुकडी बदलली की नशीब बदलतं, इतकं ते बारीक होतं.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. नातवाला कुठल्या शाळेत घालायचं यावर घरात वाद चाललाय आणि ‘तू शिकलेली आहेस, तू सांग’ म्हणाली. जवळच्या एका शाळेत वर्गात मराठी बोलायला बंदी आहे, आणि घरच्यांना तेच तिथलं मोठेपण वाटतं. मी तिला माध्यमाबद्दल काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की शाळेत जा, इंग्रजीच्या बाईंना भेट आणि विचार, ‘दहा वर्षांपासून राहते’चं इंग्रजी मुलांना कसं समजावता? त्या मराठीत समजावू शकत असतील आणि त्यांना समजावू दिलं जात असेल, तर शाळा बरी आहे. दादोबांपासून सरांपर्यंत ज्यांनी ज्यांनी हे काम नीट केलं, त्यांनी ते मराठी बाजूला सारून केलेलं नाही.

एक विनंती करून थांबते. नववी-दहावीच्या इंग्रजी व्याकरणाच्या वह्या कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत अजून असतील तर संमेलनाला येताना घेऊन या, दोन्ही तुकड्यांच्या. आपल्या आधीच्या बॅचच्या मिळाल्या तर फारच उत्तम. चौथ्या ओळीपुढे ती फुली कोणत्या वर्षीपासून दिसते, ते मला बघायचं आहे. सर येणार आहेत, त्यांनाही विचारता येईल.